काल सगळा चलत होता, आज काय झाला? पायथनच्या इम्पोर्ट एररवर इलाज

देवगड तालुक्यात एप्रिल महिन्यात कुणाला फुरसत नसते. सकाळी आंबा उतरवायचा, दुपारी निवडायचा, पेट्या भरायच्या, संध्याकाळी वाशीचा ट्रक गाठायचा. नेमक्या त्याच महिन्यात काकांच्या जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड खाऱ्या हवेने गेला. नवा लॅपटॉप आला. मी त्यावर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची ३.१३ आवृत्ती टाकली, जुना प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून उतरवला आणि चालवला. पहिल्याच ओळीला लाल अक्षरं. काका मागेच उभे. "काल सगळा चलत होता, आज काय झाला?"

प्रोग्रॅम माझाच, २०१९ मध्ये कॉलेजात असताना लिहिलेला. कामं तीनच: वजनकाट्याकडून आकडा घ्यायचा, पेटीवर चिकटवायचं लेबल बनवायचं आणि दलालाकडून एक्सेलमध्ये येणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या पट्ट्या आपल्या वहीशी ताडून बघायच्या. एवढ्याशा प्रोग्रॅमने मला दोन रात्री जागवलं. पुढे ओळखीतल्या पोरांचेही असलेच फोन येऊ लागले, तेव्हा कळलं की सगळ्यांची वाट एकच चुकते. एरर दिसली की इन्स्टॉल करायचं, पुन्हा दिसली की पुन्हा इन्स्टॉल. पण लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला, इम्पोर्ट करून वापरायचा आयता कोड) खरोखरच नाही, असं फार कमी वेळा असतं. बहुतेकदा ती दुसऱ्याच पायथनकडे असते, दुसऱ्या नावाने असते, नाहीतर तिच्यातलं आपल्याला हवं तेवढंच कुणीतरी काढून टाकलेलं असतं.

टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) द्यायच्या खालच्या आज्ञा मी फोनवर सांगतो तशा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करा, "डॅश" म्हटलं की आडवी रेघ आणि "डॉट" म्हटलं की टिंब.

आधी हाताशी काय हवं

- एररचा पूर्ण मजकूर. कॉपी करून नोटपॅडमध्ये ठेवा, अर्धा कापलेला फोटो नको.
- जुना संगणक उघडत असेल तर तो. भंगारात देऊ नका, पायरी ५ मध्ये लागतो.
- प्रोग्रॅमच्या फोल्डरची एक प्रत, जिला हात लावायचा नाही.
- पेनड्राइव्ह.
- वही-पेन. हे गमतीने लिहिलेलं नाही.

१. वाचायला सुरुवात खालून करा

पायथनचा एरर वरून वाचायला गेलात तर घाबराल. खरी गोष्ट शेवटच्या ओळीत असते. तिथे "मॉड्यूल नॉट फाउंड एरर, नो मॉड्यूल नेम्ड अमुक" असेल, तर या पायथनला त्या नावाचं घरच (मॉड्यूल, म्हणजे इम्पोर्ट करायची कोडची फाइल किंवा फोल्डर) सापडलेलं नाही. "इम्पोर्ट एरर, कॅनॉट इम्पोर्ट नेम अमुक" असेल, तर घर सापडलंय, पण आपल्याला हवा तो माणूस मुंबईला गेलाय. आणि "ॲट्रिब्यूट एरर, मॉड्यूल हॅज नो ॲट्रिब्यूट" म्हणजे घरात शिरून हाक मारली तेव्हा तो नाही हे कळलं. पहिल्यात इन्स्टॉल करून काही होऊ शकतं. उरलेल्या दोघांत लायब्ररी आहेच, तीच पुन्हा इन्स्टॉल करून काहीही होणार नाही. तिथे आवृत्ती आणि नाव बघायचं.

पायथन ३.६ च्या आधी हा पहिला प्रकार वेगळा दाखवतच नसत, पहिल्या दोन्हींना नुसतं "इम्पोर्ट एरर" म्हणत. जुन्या प्रश्नोत्तरांत म्हणूनच गोंधळ दिसतो.

शेवटच्या ओळीनंतर तिच्या वरची फाइल बघा. ती तुमची आहे की "साइट डॅश पॅकेजेस" नावाच्या फोल्डरातली? तिथली असेल तर चूक बहुधा तुमच्या कोडमध्ये नाही, कुठल्यातरी लायब्ररीच्या पोटात आहे. तिथली फाइल उघडून ओळ दुरुस्त करायचा मोह होतो. मी केलंय. पुढच्या अपडेटला दुरुस्ती पुसली जाते आणि आपण काय केलं होतं ते आपल्यालाच आठवत नाही.

२. बोलतंय कोणतं पायथन?

माझ्या मते निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, म्हणून इथे घाई करू नका.

मालवणात होमस्टे चालवणारा माझा एक मित्र आहे. बुकिंगचा हिशोब ठेवायला त्याने छोटा प्रोग्रॅम केला होता. त्याचा फोन आला: पांडाज (तक्त्यांची लायब्ररी) पाच वेळा इन्स्टॉल केलं, प्रत्येक वेळी "रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड" म्हणतं आणि प्रोग्रॅम चालवला की "नो मॉड्यूल नेम्ड पांडाज". दोन्ही खरंच बोलत होते. त्याच्या लॅपटॉपवर तीन पायथन होती: एक त्याने टाकलेलं, एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेलं, एक ॲनाकोंडा या पायथन-लायब्रऱ्यांच्या तयार संचाबरोबर आलेलं. पिप, म्हणजे लायब्रऱ्या इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम, एकाच्या खोलीत सामान भरत होता आणि प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खोलीत शोधत होता.

विंडोजवर आधी हे चालवा: "पाय डॅश शून्य पी", शून्य आकड्यात. "पाय" हा पायथन सुरू करून देणारा लाँचर आहे, त्याला माहीत असलेली पायथन आणि त्यांचे पत्ते दिसतात. ॲनाकोंडासारखं एखादं त्यात नसूही शकतं, म्हणून मग आपल्या प्रोग्रॅमच्या अगदी पहिल्या ओळींत सिस हे पायथनचंच मॉड्यूल इम्पोर्ट करून "सिस डॉट एक्झिक्यूटेबल" आणि "सिस डॉट व्हर्जन" छापा. जो पत्ता छापला जाईल तेच पायथन बोलतंय. तो पत्ता वहीत लिहा.

यापुढे नुसतं "पिप इन्स्टॉल" असं कधीच लिहू नका. "पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल अमुक" असं लिहा. विशिष्ट आवृत्ती हवी असेल तर "पाय डॅश ३.११ डॅश एम पिप इन्स्टॉल अमुक". मग ज्याच्या नावाने हाक मारली, सामान त्याच्याच खोलीत जातं. ज्युपिटर नोटबुक वापरत असाल तर त्याच खान्यात "टक्के-चिन्ह पिप इन्स्टॉल" लिहा. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवर कोणतं पायथन निवडलंय ते दिसतं, त्यावर क्लिक करून बदलता येतं.

टर्मिनलमध्ये "पायथन" लिहिल्यावर पायथनऐवजी स्टोअरचं दुकानच उघडत असेल, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये "ॲप एक्झिक्यूशन एलियासेस" शोधा आणि तिथली पायथनची दोन्ही बटणं बंद करा.

आपल्याकडे शाळांत आणि दुकानांत अजून विंडोज ७ ची यंत्रं दिसतात. त्यांच्यावर पायथन ३.८ च्या पुढचं चढतच नाही. तिथे नव्या लायब्ररीसाठी डोकं फोडण्यात अर्थ नाही.

३. नाव बरोबर आहे का?

इन्स्टॉल करताना एक नाव आणि इम्पोर्ट करताना दुसरं, हा पायथनमधला जुना त्रास आहे. कागदावर एक नाव आणि गावात हाक मारायला दुसरं, तसंच. चित्रांसाठी पिलो इन्स्टॉल करायचं आणि इम्पोर्ट पीआयएल करायचं. ओपनसीव्ही डॅश पायथनचं इम्पोर्ट सीव्ही२, सायकिट डॅश लर्नचं एसके-लर्न, ब्युटिफुलसूप४ चं बीएस४, पायवायएएमएलचं वायएएमएल.

माझा वजनकाटा इथेच अडला. कोडमध्ये "इम्पोर्ट सीरियल" होतं, एरर आला "नो मॉड्यूल नेम्ड सीरियल". म्हटलं, सोपं आहे, सीरियल इन्स्टॉल केलं. झालंही. मग म्हणे "मॉड्यूल सीरियल हॅज नो ॲट्रिब्यूट सीरियल". काट्याशी बोलणारी लायब्ररी "पायसीरियल" नावाने मिळते. "सीरियल" नावाने मिळते ती कुणा वेगळ्याचीच, वेगळ्याच कामाची लायब्ररी आहे. दोन्ही एकाच नावाने इम्पोर्ट होतात, म्हणून आधी दोन्ही अनइन्स्टॉल करून मग फक्त पायसीरियल टाकावं लागलं. नाव अंदाजाने टाइप करून इन्स्टॉल करणं धोक्याचंही आहे. प्रसिद्ध लायब्ररीशी मिळतीजुळती नावं घेऊन घातक कोड टाकणारे लोक आहेत.

दुसरा सापळा आपणच लावलेला असतो. वेंगुर्ल्याचा एक विद्यार्थी भरती-ओहोटीच्या वेळा मांडणारा प्रोग्रॅम करत होता. तारखांचं काम त्याने "कॅलेंडर डॉट पाय" नावाच्या फाइलीत ठेवलं होतं. मुख्य फाइल रिक्वेस्ट्स (नेटवरून माहिती आणणारी लायब्ररी) इम्पोर्ट करायला गेली की एरर: "कॅनॉट इम्पोर्ट नेम टाइमजीएम फ्रॉम कॅलेंडर". टाइमजीएम हे नाव त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. झालं असं, की पायथनचं स्वतःचं कॅलेंडर नावाचं मॉड्यूल आहे आणि रिक्वेस्ट्सला आतून ते लागतं. पण पायथन आधी तुमच्याच फोल्डरात बघतं. तिथे याची फाइल सापडली, तीच घेतली, आणि तिच्यात टाइमजीएम कुठून असणार? एररच्या शेवटी कंसात फाइलीचा पत्ता छापलेला होता, त्याच्याच डेस्कटॉपचा. फाइलीला "भरती_तारखा" असं नाव दिलं आणि प्रश्न मिटला. रँडम, ईमेल, सीएसव्ही, टेस्ट, जेसन ही नावं फाइलीला देऊ नका. आणि "पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल" हे शब्द दिसले की पहिला संशय आपल्याच फाइलीच्या नावावर घ्या.

४. कधी काय गेलं?

पायथन आपली जुनी भांडी टप्प्याटप्प्याने बाहेर काढतं. कधी काय काढलं हे ठाऊक असलं की एरर बघूनच कोडचं वय सांगता येतं.

सगळ्यात मोठी फूट दोन आणि तीनमधली. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. तरी प्रॅक्टिकलच्या वह्यांतून प्रिंटला कंस नसलेला कोड अजून उतरवला जातो. "नो मॉड्यूल नेम्ड यूआरएल-लिब२", "कॉन्फिगपार्सर" ज्यात सी आणि पी ही अक्षरं मोठी, "टीके-इंटर" पहिलं अक्षर मोठं, असं दिसलं की तो कोड पायथन २ चा. यूआरएल-लिब२ आता "यूआरएल-लिब डॉट रिक्वेस्ट"मध्ये आहे, उरलेल्या दोघांची सगळी अक्षरं छोटी करा. असा कोड जगवत बसण्यापेक्षा त्या विषयाचा नवा नमुना शोधावा, असं माझं मत.

त्यानंतरची गळती बारीक आहे, म्हणून जास्त फसवते. काकांच्या प्रोग्रॅमने मला ती जवळजवळ सगळी दाखवली.

पहिली लाल ओळ: "कॅनॉट इम्पोर्ट नेम मॅपिंग फ्रॉम कलेक्शन्स". मॅपिंग, इटरेबल, कॉलेबल ही मंडळी ३.३ पासून "कलेक्शन्स डॉट एबीसी"मध्ये राहायला गेली होती. जुन्या पत्त्यावर हाक मारली तर पुढची काही वर्षं ऐकू जायची, वर सूचनाही यायची. मी ती सूचना वर्षानुवर्षं बघितली आणि सोडून दिली. ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० मध्ये जुना पत्ता बंद झाला. इम्पोर्टच्या ओळीत "डॉट एबीसी" घातलं की काम झालं.

दुसरी: "नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स". फोल्डरची प्रत करायला मी त्यातलं एक फंक्शन वापरलं होतं. डिस्टयूटिल्स आणि आयएमपी ही दोन्ही ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मध्ये गेली. या नावाने काही इन्स्टॉल करायला जाऊ नका. तात्पुरतं चालवायचं तर "सेटअपटूल्स" इन्स्टॉल करा, त्याच्या पोटात डिस्टयूटिल्सची प्रत आहे. कायमचं करायचं तर प्रतीसाठी "एसएच-यूटिल" वापरा. पूर्वी नव्या आभासी खोलीत (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, पायरी ५ बघा) सेटअपटूल्स आपोआप यायचं, ३.१२ पासून येत नाही, हेही बऱ्याच जणांना नडतं.

ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये एकदम १९ मॉड्यूल काढली: सीजीआय, टेलनेट-लिब, आयएमजी-एचडीआर, क्रिप्ट, पाइप्स वगैरे. माझ्यात यांतलं काही नव्हतं, सुटलो.

तिसरी ओळ पायथनची नव्हतीच, पिलोची होती: "हॅज नो ॲट्रिब्यूट अँटीएलियास". लेबलावरचं चित्र लहान करताना वापरलेलं हे नाव जुलै २०२३ मध्ये पिलो १० ने काढलं. त्याजागी "लँक्झोस" लिहायचं.

चौथीने सर्वात जास्त वेळ खाल्ला. दलालाची पट्टी उघडताना: "एक्सेल एक्सएलएसएक्स फाइल, नॉट सपोर्टेड". फाइल एक्सेलमध्ये छान उघडत होती, म्हणून मी आधी फाइललाच दोष दिला, दलालाकडून दुसऱ्यांदा मागवली. खरं कारण असं की एक्सएलआरडी लायब्ररीने डिसेंबर २०२० च्या २.० आवृत्तीपासून फक्त जुन्या एक्सएलएस फाइली वाचायचं ठरवलं. नव्या फाइलींसाठी "ओपनपायएक्सएल" लागतं.

पाचवी: पांडाजमध्ये "डेटाफ्रेम हॅज नो ॲट्रिब्यूट अपेंड". ते २०२३ च्या पांडाज २.० मध्ये गेलं, "कॉनकॅट" वापरा.

यातून लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच, की पायथनची आवृत्ती आणि लायब्ररीची आवृत्ती हे दोन वेगळे हिशोब आहेत. "पायथन डॅश एम पिप शो पिलो" असं केलं की लायब्ररीचा आकडा कळतो. तो वहीत.

५. प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी खोली

पाच चुका दुरुस्त करायला मला दोन रात्री लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लेबल वाकडं छापून आलं. तेव्हा ठरवलं: हंगामात दुरुस्ती नको. दुरुस्तीला पावसाळा पडलाय. नव्या लॅपटॉपवर जुनी परिस्थिती उभी करायची आणि मोकळं व्हायचं. तुमचं काम अडलेलं असेल तर तुम्हीही हेच करा.

जुन्या लॅपटॉपला यूएसबी कीबोर्ड लावला. त्यावर "पायथन डॅश एम पिप फ्रीझ" चालवून, पुढे मोठं-पेक्षाचं चिन्ह देऊन "रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी" फाइलीत उतरवलं. प्रत्येक लायब्ररी आणि तिचा नेमका आकडा त्यात येतो. पायथन ३.७ होतं, तेही लिहून घेतलं.

नव्या लॅपटॉपवर ३.१३ न काढता शेजारीच ३.७ टाकलं. एका यंत्रावर अनेक पायथन सुखाने नांदतात, भांडण फक्त आपण नाव न घेता हाक मारली तर. मग प्रोग्रॅमच्या फोल्डरात: "पाय डॅश ३.७ डॅश एम व्हेन्व्ह खोली". खोली नावाचा फोल्डर तयार होतो, त्यात "स्क्रिप्ट्स"मध्ये स्वतःचं पायथन असतं. त्याच पायथनचा पूर्ण पत्ता देऊन "डॅश एम पिप इन्स्टॉल डॅश आर रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी". प्रोग्रॅम त्याच दिवशी चालू झाला.

पुस्तकांत खोली "ॲक्टिव्हेट" करायला सांगतात. पॉवरशेलमध्ये तिथे "रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड" असा अडथळा येतो आणि नवखे तिथेच थांबतात. ॲक्टिव्हेट न करता आतल्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहिला तरी तेच काम होतं.

एक लक्षात ठेवा: ३.७ ला २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. घरातल्या हिशोबाला ठीक. इंटरनेटवर उघडं ठेवायचं काही त्यावर चालवू नका. आणि खोलीचा फोल्डर उचलून दुसऱ्या यंत्रावर नेऊ नका, आत जुने पत्ते कोरलेले असतात. न्यायची ती रिक्वायरमेंट्स फाइल.

उबुंटू किंवा डेबियनच्या नव्या आवृत्त्यांवर खोलीबाहेर पिप चालवलं तर "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" म्हणून नकार येतो. तो मोडून काढायचा पर्याय तिथेच सुचवलेला असतो. तो घेऊ नका, खोली बनवा.

६. "व्हिज्युअल सी प्लस प्लस हवं" म्हणालं तर

काही लायब्रऱ्यांचा गाभा सी भाषेत असतो. त्यांची तयार बांधणी, जिला "व्हील" म्हणतात, सहसा प्रत्येक पायथन आवृत्तीसाठी वेगळी असते. तुमच्या आवृत्तीचं व्हील नसेल तर पिप तुमच्याच यंत्रावर बांधकाम काढतो आणि "मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० इज रिक्वायर्ड" म्हणून थांबतो. काही जीबीचं ते सामान उतरवायच्या आधी बघा, पायथनची आवृत्ती एक पायरी खाली घेतली तर तयार व्हील मिळतं का. बहुधा मिळतं. ३२ बिटचं पायथन चुकून टाकलं असेल तरी हेच होतं.

इथला ठरलेला अपघात नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं आणि १.एक्सवर बांधलेल्या लायब्रऱ्या "कम्पाइल्ड युजिंग नमपाय १.एक्स" म्हणत पडू लागल्या. उत्तर सगळीकडे एकच मिळतं: नमपाय २ पेक्षा खालचं टाका. पण १.२६ ची तयार व्हील ३.१२ पर्यंतच आहेत. ३.१३ वर हाच सल्ला पाळलात की पुन्हा सी प्लस प्लसच्या दारात. अशा वेळी ती पडणारी लायब्ररीच नवी करा, नाहीतर ३.१२ ची खोली बांधा.

७. न बोलावलेले पाहुणे

तुम्ही फ्लास्कचा (वेबसाइट बनवायची लायब्ररी) आकडा पक्का केला, पण फ्लास्क ज्यांच्या जिवावर उभं आहे त्यांचा केला नाही. मग एके दिवशी "कॅनॉट इम्पोर्ट नेम यूआरएल-कोट फ्रॉम वर्कझॉइग डॉट यूआरएल्स" येतं. २०२३ मध्ये वर्कझॉइग ३.० ने ते नाव काढलं आणि फ्लास्क २.२ वाले एका इन्स्टॉलमध्ये आडवे झाले. फ्लास्क नवं करा किंवा वर्कझॉइग ३ च्या खाली ठेवा. "पायथन डॅश एम पिप चेक" चालवलं की कुणाचं कुणाशी जमत नाही ते कळतं, पण प्रत्येक लायब्ररी आपली अट नीट लिहितेच असं नाही, म्हणून फ्रीझची पूर्ण यादी हवी.

८. रेंज सड्यावर, लॅपटॉप घरात

आमच्या वाडीत पाऊस लागला की लाइट आणि नेट हातात हात घालून जातात. म्हणून नेट असेल तिथे, त्याच आवृत्तीच्या पायथनने "पायथन डॅश एम पिप डाउनलोड डॅश आर रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी डॅश डी सामान" करून ठेवा. सामान नावाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. घरी येऊन "पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल डॅश आर रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी"ला "डॅश डॅश नो डॅश इंडेक्स" आणि "डॅश डॅश फाइंड डॅश लिंक्स सामान" जोडा, की नेटशिवाय सगळं बसतं. कणकवलीच्या सायबर कॅफेतल्या यंत्रावर ३.११ आणि घरी ३.७, असं असेल तर ही फेरी फुकट जाईल. आवृत्ती आधी जुळवा.

९. सवड मिळाली की

जूनमध्ये पाऊस लागल्यावर मी दुसरी खोली ३.१३ ची केली. प्रोग्रॅम चालवताना "पायथन डॅश एक्स डेव्ह" असा चालवला, म्हणजे येरवी लपवलेल्या "पुढे हे काढणार आहोत"च्या सूचना दिसतात. एका वेळी एकच चूक दुरुस्त केली, प्रत्येक दुरुस्तीनंतर गेल्या हंगामाच्या दहा पट्ट्या दोन्ही खोल्यांत चालवून बेरजा जुळवल्या. वाकड्या लेबलाचं कारणही सापडलं, मजकुराची रुंदी मोजायचं जुनं फंक्शन पिलो १० ने काढलंय आणि मी त्याजागी घाईत भलताच आकडा घातला होता.

या एप्रिलला पेट्या ३.१३ वरच गेल्या. वजनकाट्याची केबल मात्र गंजली, ती आणायला उद्या कणकवलीला जायचंय.